धूळ शेवटी कुठे जाते?

विदर्भातल्या गावात धूळ बारा महिने असते, फक्त तिची जात बदलते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीची, पुढे तुरीच्या खळ्याची, अंगाला खाज सुटवणारी. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या आसपास रुईची. वैशाखात काळी माती भेगाळते, तिची भुकटी होते आणि वावटळीबरोबर घरात येते. वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडे कोळशाची धूळ बारमाही. सकाळी पुसलेली ओसरी दुपारी काळी. गोंदिया-भंडाऱ्याकडे भाताच्या गिरण्यांचा कोंडा. या सगळ्यावर गावात इलाज एकच, बाईच्या हातातला झाडू.

मातीच्या घरात या इलाजाला एक जोड होती. झाडण्याआधी सडा पडायचा, ठरलेल्या दिवशी सारवण व्हायचे, आणि ओल धुळीला जमिनीशी धरून ठेवायची. आता घरकुलात सिमेंटचा कोबा आला, बऱ्याच घरांत टाइल्स आल्या. सारवण गेले हे चांगलेच झाले, बायांचे कष्ट वाचले. पण सारवणाबरोबर ओलही गेली आणि कोरडा झाडू उरला. गुळगुळीत फरशीवर फुलझाडू फिरतो तेव्हा भरड कचरा सुपलीत येतो आणि बारीक धूळ हवेत चढते. ती तासन्‌तास तरंगते. सर्वांत जास्त तिच्याच छातीत जाते, जी वाकून झाडत असते.

म्हणून व्हॅक्यूम क्लीनर हा विषय मला शहरी चैनीचा वाटत नाही. दुकानात या यंत्राची थोरवी तीन गोष्टींनी सांगतात: मोटर किती वॅटची, वायर लागते की नाही, आणि यंत्र आपले आपण घरभर फिरते की नाही. माझ्या मते या यंत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा यांपैकी एकही नाही. ती यंत्राच्या मागच्या बाजूला, हवा जिथून बाहेर पडते तिथे झाली. ओढलेल्या धुळीपैकी किती आत राहिली आणि किती परत खोलीत आली, याच कसोटीवर गेली सव्वाशे वर्षे हे यंत्र टप्प्याटप्प्याने सुधारले. जिथे धूळ फार आणि झाडणारे हात स्वस्त, त्या आपल्या भागाने हीच कसोटी हातात घेऊन शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि जिनिंगसाठी या यंत्राची मागणी केली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या जोरावर चालणारी काही सफाईयंत्रे धूळ फुंकून उडवायची. लंडनच्या एका नाट्यगृहात ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने अशा अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. उडालेल्या धुळीतली बरीचशी पुन्हा खाली बसत होती. धूळ ओढून का घेत नाही, असे त्याने विचारले. ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. पुढे एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि त्यावर तोंड लावून जोराने हवा ओढली. रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा डाग उमटला. हा प्रसंग सांगणारे ओढीचे कौतुक करतात. मला त्यातला रुमाल महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर सगळी धूळ बूथच्या घशात गेली असती.

१९०१ मध्ये बूथने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवर बसवलेले होते, पेट्रोलच्या इंजिनावर चालायचे, आणि रस्त्यावर उभे राहून खिडक्यांतून लांबलचक नळ्या घरात सोडायचे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्यानेच साफ केले. यंत्र अवजड होते, पण त्याची एक गोष्ट आजच्या पुष्कळ यंत्रांहून सरस होती: धूळ घराबाहेर जात होती. माणसे जिथे श्वास घेतात त्या खोलीतून ती खरोखर निघून जात होती. आणि ते यंत्र घरोघरी विकत घ्यावे लागत नव्हते, ते भाड्याने दारात येत होते. गावाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी.

यंत्र घराच्या आत आले ते जेम्स मरे स्पँग्लरमुळे. ओहायो राज्यातल्या कँटन गावी तो एका दुकानात सफाईकाम करायचा. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढायचा. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरते यंत्र केले. १९०८ मध्ये पेटंट मिळाले, आणि ते हूवर नावाच्या चामड्याच्या वस्तू करणाऱ्या व्यावसायिकाने विकत घेतले. नाव हूवरचे झाले, जाहिरात गालिच्यांची झाली. या यंत्राचा जन्म एका झाडणाऱ्या माणसाने स्वतःची छाती वाचवण्यासाठी केलेल्या धडपडीतून झाला, हे पुढे कुणाच्या लक्षात राहिले नाही. आपल्याकडे याची आठवण ठेवायला कारण आहे. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्यामुळे अमरावतीच्या मातीत झाडणाऱ्या हाताला मान मिळाला. त्या हाताच्या फुप्फुसाचा विचार अजून कुठल्या स्वच्छता अभियानाच्या गुणपत्रिकेत ठळकपणे आलेला नाही.

स्पँग्लरच्या अभ्र्यात मात्र मोठी उणीव होती. कापड भरड धूळ अडवते, बारीक सोडते. पुढची कित्येक दशके कापडी पिशवीची यंत्रे जमिनीवरची धूळ उचलून तिचा बारीक भाग मागच्या बाजूने खोलीत सोडत राहिली. खोली स्वच्छ दिसायची आणि हवा आधीपेक्षा वाईट व्हायची.

इथे धुळीच्या आकाराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सगळा वाद त्यावरच आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, खोकला येतो, निघून जातात. अडीच मायक्रॉनखालचे कण डोळ्यांना एकेकटे दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. म्हणजे जी धूळ आपल्याला दिसते ती कमी घातक, आणि दिसत नाही ती जास्त. ‘स्वच्छ दिसते’ या पावतीवर चालणारी कुठलीही सफाई या दुसऱ्या धुळीला पकडू शकत नाही.

ती पकडणारी गाळणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अणुबॉम्बच्या प्रकल्पात तयार झाली; किरणोत्सारी कण हवेतून काढायचे होते. आज तिला हेपा म्हणतात, आणि प्रचलित व्याख्येप्रमाणे ती ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. हाच आकार का निवडला, यात गंमत आहे. ही गाळणी चाळणीसारखी नुसती भोके लहान करून काम करत नाही. तिच्यात बारीक तंतूंचे अस्ताव्यस्त जाळे असते. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आपटतात. अतिबारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटतात आणि तंतूला चिकटतात. मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा कण या दोन्ही तावड्यांतून निसटायला बघतो. सर्वांत अवघड कण जिथे अडतो तिथे बाकीचे अडतातच, म्हणून मोजमाप त्याच्यावर. कोरोनाच्या वर्षांत आपण तोंडावर बांधलेल्या चांगल्या मास्कमधले कापड याच कुळातले होते. आज यंत्रांसाठी मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या, भरल्या की टाकून द्यायच्या पिशव्याही त्याच पद्धतीच्या कापडाच्या असतात.

पण नुसती गाळणी लावून भागत नाही. हवा नेहमी सोपी वाट शोधते. यंत्राच्या झाकणाला फट असेल, रबराची किनार सैल असेल, तर धूळ गाळणीला वळसा घालून बाहेर येते. म्हणून गाळणीइतकीच महत्त्वाची सुधारणा म्हणजे सगळ्या सांध्यांना रबरी किनार असलेले, कुठूनही न गळणारे यंत्र. खोक्यावर ‘हेपा’ छापलेले आणि अंगाला फटी असलेले यंत्र घेणे म्हणजे पैसे देऊन धूळ ढवळणे.

ओढ टिकवण्याची सुधारणा वेगळी. पिशवीची छिद्रे बुजली की हवा कमी होते आणि यंत्र नुसते गुरगुरते. जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकाने यावर भोवऱ्याचा उपाय घरगुती यंत्रात आणला: हवा शंकूत गोल फिरवायची, म्हणजे जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली पडतात. त्याने ५,१२७ नमुने बनवले. १९८६ मध्ये जपानात त्याचे यंत्र विक्रीला आले आणि १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाने. कल्पना त्याने लाकूड कापण्याच्या गिरणीवरच्या भल्या मोठ्या शंकूवरून घेतली होती. आपल्याकडे गोंदिया, तुमसर, देसाईगंज भागात भाताच्या गिरणीवर पत्र्याचा तसाच उलटा शंकू असतो. कोंडा आणि तूस हवेतून वेगळे करणारा. तो करणारे मिस्त्री याच गावांत आहेत. भोवऱ्याचे तत्त्व आपल्याला परके नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण यंत्राची गोष्ट निघाली की ‘हे आपल्याकडचे नाही’ असा सूर लगेच निघतो.

पिशवी नसलेले यंत्र की पिशवीचे, यावर मात्र माझा कौल पिशवीला आहे. भोवऱ्यातून अतिबारीक धूळ सुटतेच, तिच्यासाठी मागे गाळणी लागते. आणि डबा उघडून उकिरड्यावर झटकताना धुळीचा लोट उठतो, तो झटकणाऱ्याच्या तोंडावर. घरच्या यंत्रात हे एक वेळ चालेल. शाळेत, दवाखान्यात, जिथे रोज डबा भरणार आहे, तिथे तोंड बंद करून टाकता येणारी पिशवीच हवी, तिचा खर्च धरूनसुद्धा. पुढे भोवरा आणि मागे पिशवी अशी जोडणी केली तर पिशवी पुष्कळ दिवस जाते.

वॅटचा भ्रम युरोपने मोडला. कंपन्या एकमेकींवर कडी करत दोन हजार वॅटच्या पुढे गेल्या होत्या. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. यंत्रे त्यामुळे दुबळी झाली नाहीत. आतल्या हवेच्या वाटा, पंखा आणि जमिनीला टेकणारे तोंड सुधारून तीच सफाई कमी विजेत होऊ लागली. पण त्या नियमातली वॅटची ओळ गाजली आणि बाकीच्या ओळी विसरल्या गेल्या, ज्या मला जास्त मोलाच्या वाटतात. आत घेतलेल्या धुळीपैकी १ टक्क्याहून अधिक परत बाहेर येता कामा नये. आवाज ८० डेसिबलच्या वर नको. नळी ४०,००० वेळा वाकवली तरी तुटू नये. मोटर किमान ५०० तास चालावी. यंत्र कसे असावे हे सांगणाऱ्या इतक्या नेमक्या अटी सरकार घालू शकते, आणि उद्योग त्या पाळू शकतो, हे त्यातून दिसले. आपल्या बाजारात खोक्यावर अजून वॅटचाच आकडा मोठा असतो.

गावाच्या विजेचा विचार केला तर कमी वॅट ही आणखी निकडीची गोष्ट होते. संध्याकाळी दाब इतका पडतो की बल्ब पिवळा पडतो. त्यावर दीड हजार वॅटची कार्बन-ब्रशची, म्हणजे फिरणाऱ्या भागावर कार्बनचे तुकडे घासत राहणारी, मोटर लावली तर ती तापते, जळते. ब्रश नसलेली मोटर आणि लिथियमची बॅटरी ही जोडी इथे खरी कामाची. तिच्यात घासणारा भाग नाही, ठिणगी नाही, उष्णता कमी. ही मोटर गावात आलेलीही आहे, ३० वॅटच्या आसपास चालणाऱ्या नव्या छताच्या पंख्यांत. बॅटरीचे यंत्र पाठीवर घेऊन काम करण्याची सवयही आहे. फवारणीचा बॅटरी पंप आज बहुतेक शिवारांत दिसतो. पाठीवर घेण्याचे, गाळणी असलेले सफाईयंत्र त्याहून वजनदार नसते, आणि शाळेच्या छपरावर सौर पॅनल असेल तर ते दिवसा तिथेच चार्ज होईल.

पण फवारणीच्या पंपाचे नाव काढले की २०१७ आठवते. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कारणे अनेक होती: औषधांची मिश्रणे, डोक्याच्या वर वाढलेली कापसाची पऱ्हाटी, अंगावर ना मास्क ना हातमोजे. त्या चर्चेत जास्त दाबाने बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांचेही नाव आले. पंप घेताना दाब किती, टाकी किती लिटरची, एवढेच पाहिले जाते. तुषार माणसाच्या श्वासात किती जातो हे कुणी विचारत नाही, विकणाराही सांगत नाही. सफाईयंत्राच्या बाबतीत तीच चूक सरकारी खरेदीतून घडू नये, याची मला खरोखर काळजी वाटते. निविदेत ‘१,६०० वॅट, ३० लिटर’ एवढेच लिहिले गेले, तर सर्वांत स्वस्त, सर्वांत गळके यंत्र येईल आणि अंगणवाडीतल्या लेकरांच्या खोलीत बारीक धूळ फवारेल.

स्वतः फिरणाऱ्या रोबोंबद्दल फार लिहायला नको. २००१-०२ पासून ते बाजारात आहेत. सपाट फ्लॅटसाठी ठीक आहेत, उंबरे आणि ओसऱ्यांच्या घरात त्यांचा उपयोग नाही.

आता शाळांकडे येऊ. जिल्हा परिषदेच्या कितीतरी प्राथमिक शाळांत शिपाई नसतो. सकाळी वर्ग झाडण्याचे काम मुलांवरच येते, आणि झाडून झाल्यावर लगेच त्याच बंद खोलीत वर्ग भरतो. धूळ अजून हवेतच असते. सहा-सात वर्षांच्या मुलाची फुप्फुसे वाढत असतात. अंगणवाडीत तर मदतनीस ताई झाडतात तेव्हा पोरे तिथेच बसलेली असतात. रुग्णालयांसाठीच्या संसर्ग-प्रतिबंधाच्या सूचना रुग्णांच्या खोलीत कोरडा झाडू मारू नका, ओला पोछा वापरा असे सांगतात, आणि त्याचे कारणही हेच आहे. जे रुग्णाला चालत नाही ते मुलाला का चालावे?

आक्षेप येईल, ओल्या पोछ्याने भागते तर यंत्र कशाला? जिथे पाणी आहे आणि फरशी गुळगुळीत आहे तिथे ओला पोछा उत्तमच, आजपासून सुरू करावा, त्याला पैसा लागत नाही. पण उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात रोज चार वर्ग पुसायला पाणी कुठून आणणार? सतरंज्या, पुस्तकांची कपाटे, कूलरच्या ताट्या, संगणकाची खोली पोछ्याने होत नाही. ओल्या आणि कोरड्या दोन्हींना चालणारे ड्रमचे यंत्र इथे उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. झाडणाऱ्या बाईचे काम जाईल. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. गावात दोन-तीन हजारांचे मानधनही मोठे असते. पण यंत्र स्वतः चालत नाही. ते तिच्याच हातात द्यावे, चालवण्याचे आणि गाळणी बदलण्याचे प्रशिक्षण तिलाच द्यावे, आणि मानधन वाढवावे. काम काढून घेण्यासाठी यंत्र आणले तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

तिसरा आक्षेप पैशांचा. घरोघरी हे यंत्र असावे असे माझे म्हणणे नाहीच. १९८२ पासून युरेका फोर्ब्सचे विक्रेते दारोदार जाऊन ते विकत आले, पण ती दारे शहरांतली होती. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये झाडू करमुक्त राहिला आणि व्हॅक्यूम क्लीनर २८ टक्क्यांच्या गटात बसला. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. ज्या वस्तूने श्वास वाचतो ती चैन मानली गेली याचे मला वाईट वाटते. गावासाठी वाट बूथची घ्यावी, हूवरची नव्हे. यंत्र ग्रामपंचायतीचे किंवा महिला बचत गटाचे असावे. सकाळी शाळा आणि अंगणवाडी, नंतर आरोग्य उपकेंद्र. सणासुदीला, लग्नाआधी घरोघरी भाड्याने. ट्रॅक्टरची अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आपल्याकडे चालतात, त्यात हे एक यंत्र बसते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधून दिला होता. अशा बांधील निधीतून धूळ पकडणारे यंत्र आणि त्याच्या पिशव्या घेता येतील, असे शासनाने स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे, म्हणजे ग्रामसेवकाला लेखापरीक्षणाची भीती राहणार नाही.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. पिठाच्या चक्कीत, दाल मिलमध्ये किंवा रुईच्या ढिगाजवळ घरगुती व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नये. बारीक पीठ आणि रुई ठिणगीने पेट घेतात आणि कार्बन-ब्रशच्या मोटरीत ठिणग्या उडतातच. अशा ठिकाणांसाठी यंत्रे निराळी असतात. औद्योगिक धूळयंत्रांचे युरोपीय वर्गीकरणही आहे: एल वर्गात गळती १ टक्क्याच्या आत, एम वर्गात ०.१ टक्क्याच्या आत, एच वर्गात ०.००५ टक्क्याच्या आत. पेटणाऱ्या धुळीसाठी यावर स्फोटरोधक रचना वेगळी पाहावी लागते.

आणि त्यामुळेच जिनिंगचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. हंगामात हिंगणघाट, अकोट, वणी, कुठल्याही आधुनिक जिनिंगच्या आवारात जा. कापसाच्या गंजीला जाड पाईपाचे तोंड लावलेले असते आणि पंख्याच्या ओढीने कापूस त्यातून थेट रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपर्यंत, जातो. पूर्वी तो बाया टोपल्यांनी डोक्यावरून वाहत. केंद्राने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यातून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला पैसा मिळाला आणि ही व्यवस्था पसरली. म्हणजे हवेने ओढण्याचे तंत्र विदर्भाच्या गावात केव्हाच पोहोचले आहे. ते मालासाठी पोहोचले. कचरा वेगळा करणारी यंत्रेही आली, पण रुईची प्रत सुधारावी म्हणून. रेच्याजवळ उभ्या बाईच्या श्वासातली धूळ ओढण्यासाठी तोच पंखा, तोच पाईप थोडा पुढे नेला गेला नाही. तिने तोंडाला ओढणी बांधलेली असते. ओढणी म्हणजे स्पँग्लरचा अभ्रा.

कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने बायसिनोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळते, पुढे ती आवळ रोजची होते. रेच्याच्या कातडी रोलरची क्रोमियम असलेली भुकटीही त्या हवेत मिसळते. नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमियमविरहित रोलर तयार केले आहेत, पण कातडी रोलर संपलेले नाहीत. आणि हंगामी मजुराचा रोग हंगाम संपला की गावी परत जातो, कारखान्याच्या नोंदीत उरत नाही.

कायद्याने हे पूर्वीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये लिहिले गेले की जिथे धूळ ओढणारी व्यवस्था लागेल तिथे ती धूळ जिथून उठते त्या जागेच्या शक्य तितकी जवळ लावावी, आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. चांगल्या व्हॅक्यूम क्लीनरची व्याख्या याहून नेमकी करता येणार नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीला आकड्यांत बांधले: सूतगिरणीत घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम. गिरणीमालक खर्चाची तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८१ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला. गिरण्यांनी यंत्रे बदलली, आणि नवी यंत्रे धूळ कमी आणि सूत जास्त देऊ लागली. पण जिनिंग त्या नियमातूनही वगळलेलेच राहिले. कापसाच्या साखळीतला सर्वांत गरीब मजूर तिथेही यादीबाहेर राहिला.

आपल्याकडे हे बदलण्याचा एक हात सरकारजवळ आहे. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपली सीसीआय, हमीभावाची खरेदी करताना निविदा काढून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने कामाला घेते. त्या करारात रुईच्या उताऱ्याच्या, म्हणजे कापसातून किती रुई निघावी याच्या, गाठींच्या, साठवणुकीच्या अटी असतात, आणि काम हवे असल्याने कारखानदार त्या पाळतात. त्यात चार अटी आणखी घालाव्यात: रेच्यांच्या रांगेवर आणि सरकीच्या तोंडाशी ओढीची व्यवस्था, ओढलेली हवा भोवऱ्यातून आणि गाळणीतून गेल्याशिवाय बाहेर सोडायची नाही, हंगामात ठरलेल्या दिवशी कामाच्या जागी हवेतली धूळ मोजून आकडा फाटकावर लावायचा, आणि दर मजुराची हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी फुंकून घ्यायची फुप्फुसाची चाचणी. पहिल्या दोन अटींसाठी लागणारा पंखा, पाईप आणि शंकू करणारे मिस्त्री विदर्भात आहेत. तिसरी आणि चौथी अट पाळायला लागणारी साधने हातात मावतात. खर्च गाठीमागे धरून जिनिंगच्या दरात मोकळेपणाने मिळवावा, मजुरीतून कापू नये. पुढच्या हंगामाच्या निविदा निघण्याआधी आपल्या आमदार-खासदारांनी ही मागणी महामंडळाकडे लेखी नेली पाहिजे, आणि ती नेली की नाही हे आपण त्यांना विचारले पाहिजे.